मास्तरांच्या अर्जावर माझी सही

पंचायत समितीवर निवडून आले तेव्हा मला वाटलं होतं, आता तालुक्याला जायचं आणि गावाचे प्रश्न मांडायचे. मध्येच बॅग भरून सहलीलाही जावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी बाजाराच्या गावातली लेडीज टेलर. आमचा गण, म्हणजे पंचायत समितीचा मतदारसंघ, महिलेसाठी राखीव झाला. निम्म्या गावाच्या बायका मापं द्यायला माझ्याच दुकानात येतात, म्हणून लोकांनी मला उभं केलं आणि निवडूनही दिलं. त्याला अडीच वर्षं झाली होती. डिसेंबरातल्या एका सकाळी मी लग्नाचे ब्लाउज शिवत बसले होते. आमच्या गटाचे पुढारी, ज्यांना सगळा तालुका साहेब म्हणतो, त्यांचा माणूस गाडी घेऊन दारात आला.

"ताई, चार दिवसांचे कपडे घ्या. स्वेटर पण घ्या."

"कुठं जायचंय?"

"ते गाडीत बसल्यावर सांगतो."

"आणि हे अकरा ब्लाउज?"

त्यानं ब्लाउजांकडं असं पाहिलं, की जणू तेही समोरच्या गटात जाणार आहेत.

शेजारीच आमच्या ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. हात पुसत ते आले, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "जा. पण सही कुठं करतीस ते वाचून कर."

आमच्या समितीत सदस्य आठ. पाच आमच्या गटाचे, तीन समोरचे. पहिल्या सभापतींची मुदत संपत आली होती आणि दुसरा सभापती निवडायचा होता. सभापती म्हणजे मासिक सभेत मधल्या खुर्चीवर बसणारा माणूस. कुणी आधी बोलायचं, कुणी थांबायचं, कोणता विषय मंजूर झाला, हे तो सांगणार. आमच्या पाचांतल्या दोघांना ती खुर्ची हवी होती. एक आप्पा. कॅनॉलच्या पाण्यावर उसाची मोठी बागायत, आवाजही तेवढाच मोठा. दुसरे भाऊ. रस्त्यांचे ठेकेदार, वयानं आप्पांपेक्षा लहान, पण गाडी आप्पांपेक्षा उंच. निवडणूक होईपर्यंत पाचातलं कुणी फुटू नये, म्हणून साहेबांनी आम्हाला एकाच गाडीत घालून तालुक्याबाहेर धाडलं.

गाडीत चौथ्या होत्या आक्का. पहिली अडीच वर्षं खुर्ची महिलेसाठी राखीव होती, म्हणून सभापती आक्काच. त्यांचे मालक ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम. सभेत ते आक्कांच्या मागच्या बाकावर बसायचे आणि हळू आवाजात सांगायचे, आक्का ते मोठ्यानं म्हणायच्या. आता हंगाम सुरू झाल्यानं मालक कारखान्यावर होते आणि आक्का आयुष्यात पहिल्यांदा एकट्या परगावी निघाल्या होत्या. खुश होत्या.

पाचवे मास्तर. हे काही शाळामास्तर नाहीत. एसटीत पस्तीस वर्षं कंडक्टर होते. आमच्याकडं कंडक्टरला मास्तरच म्हणतात. निवृत्त झाल्यावर अपक्ष उभे राहिले, निवडून आले आणि आमच्या गटाला येऊन मिळाले. पांढरा सदरा, मेंदी लावलेली दाढी, छातीच्या खिशाला दोन पेनं. घर मशिदीला लागून. तालुक्यातल्या प्रत्येक गावातली निदान चार माणसं त्यांना नावानिशी माहीत.

मास्तरांबद्दल मला आदर का, ते सांगते. माझ्या पहिल्याच सभेत मी आमच्या अंगणवाडीबद्दल बोलायला उभी राहिले होते. दोन वाक्यं झाली असतील, तेवढ्यात भाऊ म्हणाले, "ताई, तुम्ही बसा. मालक आलेत ना मागं, त्यांना बोलू द्या." हॉलमध्ये हसू पिकलं. आमचे हे मागं बसले होते, ते लाजून खालीच बघायला लागले. तेव्हा मास्तर जागेवरून उठले.

"तिकीट कुनाच्या नावावर हाय? ताईंच्या. मग त्या जागेवर दुसरं कसं कोन बसंल? बोला ताई."

मी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, पण शेवटपर्यंत बोलले. त्या दिवसापासून आमचे हे मला तालुक्याच्या स्टँडवर सोडून परत दुकानात जायला लागले.

तर गाडी निघाली. साहेबांच्या माणसानं सगळ्यांचे मोबाईल एका कापडी पिशवीत गोळा केले. आधी शिर्डीला दर्शन झालं. तिथं आप्पांनी आणि भाऊंनी समाधीसमोर हात जोडून शपथ घेतली की गट सोडणार नाही. दोघांनीही एकमेकांची शपथ नीट कान देऊन ऐकली. पुढं राहात्याला गाडी थांबवून पेरू घेतले. पेरू खाताना सगळे गप्प होते, तेवढाच रस्ता शांततेत गेला. बाकी वेळ पुढच्या सीटवर कुणी बसायचं, यावरून आप्पा आणि भाऊ भांडत होते. शेवटी मास्तर म्हणाले, "संगमनेरपर्यंत आप्पा, तिथून पुढं भाऊ." दोघंही ऐकले. संगमनेरच्या पुलावर गाडी थांबवून खरोखर जागा बदलल्या.

अकोले गावाच्या पुढं घाट लागला आणि आक्का खिडकीला चिकटल्या. भाताची खाचरं कापून झाली होती, धसकटंच उरली होती, तरी त्यांना ते हिरवंगारच वाटत होतं. भंडारदऱ्याला पोचलो. समोर एवढं पाणी बघून त्या थेट काठाशी गेल्या. मग म्हणाल्या, "ताई, आपल्याकडं ह्यातलं येक कोपरं जरी आस्तं..." आम्ही पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यातल्या. उन्हाळ्यात टँकरमागं कळश्या घेऊन पळणाऱ्या.

राहायला धरणाजवळचं एक लॉज होतं. थंडी अशी की स्वेटरवर शाल घेऊनही दात वाजत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्हरांड्यात उन्हाला बसले होते, तर आप्पा येऊन शेजारी बसले.

"ताई, माझ्या अर्जावर सूचक म्हनून तुमी सही करा. म्हंजे बाया-मानसं बी आपल्याबरोबर हायेत आसं दिसतं. तुमच्या गावचा रस्ता माझ्याकडं लागला."

सूचक म्हणजे ज्यानं नाव सुचवायचं तो. त्याच्या सहीशिवाय अर्ज चालत नाही. मी म्हटलं, बघते. आप्पा उठून गेले आणि अर्ध्या तासानं भाऊ आले. त्यांनीही तेच मागितलं. त्यांच्याकडं लागलेला रस्ताही तोच होता. मी त्यांनाही म्हटलं, बघते.

चहाच्या वेळी व्हायचं ते झालं. आप्पांना कळलं की भाऊ मला भेटले, भाऊंना कळलं की आप्पा भेटले. बशा आपटल्या गेल्या. आप्पा म्हणाले, "कालचं पोर तू, तुला सभा काय कळती?" भाऊ म्हणाले, "तुमचा ऊस जसा पाणी पितो, तसं तुम्ही सगळ्यांचा वेळ पिता." आप्पा उठले, भाऊंची कॉलर धरली. साहेबांचा माणूस मोबाईलची पिशवी छातीशी धरून भिंतीला चिकटला.

मास्तर उठले नाहीत. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "आप्पा, पाच मिन्टं तुमची. भाऊ, नंतर पाच तुमची. मधी कुनी बोलायचं न्हाई. करा सुरू."

आप्पांनी कॉलर सोडली. का सोडली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ते पाच मिनिटं बोलले. खरं तर तीनच मिनिटांत त्यांचं संपलं, उरलेली दोन ते आधीचंच पुन्हा बोलत राहिले. मग भाऊ बोलले. मग मास्तरांनी आक्कांना विचारलं, "तुमी अडीच वर्सं त्या खुर्चीत हुत्या. तुमी सांगा, तिथं काय लागतं?"

आक्कांना असं कुणी कधी विचारलं नसावं. पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "मी खुर्चीत बसले, पन सभा न्हाई चालवली. आमच्या मालकांनी चालवली. मला आता बसवलं तर चालवीन. पन खरं सांगू का, मास्तर, तुमी आत्ता जशी चालवली, तशी कुनीच न्हाई चालवली."

आप्पा आणि भाऊ एकमेकांकडं बघत राहिले. माझ्या डोक्यात तेव्हाच पक्कं झालं.

दुपारी धरणाच्या भिंतीकडं फिरायला गेलो तेव्हा मी मास्तरांना गाठलं. "मास्तर, मी सूचक होणार. पण तुमच्या नावाची."

ते चालता चालता थांबले. "ताई, गार हवा सोसना का तुमाला?"

"मी खरंच बोलतेय."

"मी अपक्ष मानूस. माझ्या मागं ना कारखाना, ना ठेका. आनि लोक आडनाव बघत्यात, ताई."

"एसटीत कुणी आडनाव विचारलं होतं का तुम्हाला?"

"इचारायचे की," मास्तर हसले. "खिडकीची जागा पायजे आसली की इचारायचे. मंग मी जागा दिली की इसरायचे." मग पाण्याकडं बघत म्हणाले, "साहेब व्हय म्हनाले तर मी न्हाई म्हननार न्हाई. पन मी सोता कुनाकडं मागायला जानार न्हाई."

मागायला मीच गेले. साहेबांच्या माणसाकडून माझा मोबाईल घेतला, गिऱ्हाइकाला ब्लाउजचं सांगायचंय म्हणून. गिऱ्हाइकाला खरंच सांगितलं, आणि मग साहेबांना फोन लावला. साहेबांशी मी त्याआधी एकटीनं कधी बोलले नव्हते.

"साहेब, आप्पा उभे राहिले तर भाऊ फुटतील, भाऊ उभे राहिले तर आप्पा फुटतील. मास्तर सगळ्यांचं ऐकून घेतात, नेमानं चालतात. त्यांचं नाव द्या. मी सूचक होते, आक्का अनुमोदन देतात."

साहेब म्हणाले, "तुम्ही टेलरिंग करता ना?"

"हो."

"माप बरोबर घेतलंय. बघतो."

त्याच संध्याकाळी साहेबांचा आप्पांना आणि भाऊंना फोन आला. दोघांनीही होकार दिला. आप्पांना वाटलं, मास्तर म्हणजे साधा माणूस, आपल्या मुठीत राहील. भाऊंनाही तेच वाटलं. मी आणि आक्कांनी खोलीत जाऊन रजईत तोंड खुपसून हसून घेतलं.

तिसऱ्या दिवशी गाडी थेट पंचायत समितीच्या दारात आणायची होती. पण वाटेत आप्पा म्हणाले, "मळ्यात पाच मिन्टं काम हाय, मी माझ्या गाडीनं येतो," आणि फाट्यावर उतरले. साहेबांचा माणूस नको नको म्हणत होता, तोवर ते दिसेनासेही झाले. उरलेले आम्ही चौघं हॉलमध्ये पोचलो. तहसीलदार बाई निवडणूक घ्यायला बसल्या होत्या. अर्ज भरायची वेळ एकपर्यंत, आणि साडेबारा वाजून गेले होते.

अर्ज माझ्यासमोर आला. आठ सदस्यांची नावं असलेली यादी, रकाने, ठिपक्यांच्या ओळी. आजवर कितीतरी मापं वहीत लिहिली असतील, पण सरकारी कागदावर दुसऱ्याचं नाव सुचवायची माझी पहिलीच वेळ. मी सही ठोकली आणि अर्ज पुढं सरकवला. तहसीलदार बाईंनी चष्म्याच्या वरून माझ्याकडं पाहिलं.

"ताई, तुम्ही उमेदवाराच्या जागी सही केलीय. म्हणजे तुम्ही सभापतिपदाला उभ्या आणि मास्तर तुमचे सूचक."

मास्तर म्हणाले, "मला चालंल." आक्का तर तोंडाला पदर लावून हसतच सुटल्या. माझे कान तापले. घरून निघताना एवढंच सांगितलेलं असतं आणि माणूस नेमकं तेच विसरतं! दुसरा अर्ज मागवला, प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली, सूचकाच्या जागी सही केली. आक्कांनी अनुमोदक म्हणून केली. एक वाजायला दहा मिनिटं होती.

तेवढ्यात दार उघडलं आणि आप्पा आत आले. त्यांच्या पाठोपाठ समोरच्या गटाचे तिघं. आप्पांनी आपला अर्ज टेबलावर ठेवला. सूचक होता समोरच्या गटाचा सदस्य.

भाऊंच्या तोंडून एक शिवी निसटली. मी मनातल्या मनात हिशेब केला. आप्पा आणि ते तिघं, चार. मास्तर, आक्का, भाऊ आणि मी, चार. बरोबरी झाली की चिठ्ठी. आणि चिठ्ठीला ना खुर्ची कळते ना माणूस.

दुपारी तीनला हात वर करून मतदान. आधी आप्पांचं नाव घेतलं. आप्पांनी हात वर केला. समोरच्या दोघांनी केला. तिसऱ्यानं केला नाही. ते होते नाना, समितीतले सगळ्यांत थोरले, डोक्याला तांबडा फेटा. तहसीलदार बाईंनी पुन्हा विचारलं. नाना ढिम्म. मग मास्तरांचं नाव घेतलं. आम्ही चौघांनी हात वर केले. आणि नानांनी सावकाश, खांदा दुखतोय तसा, आपला हात वर नेला.

त्यांच्या शेजारच्यानं ओढायचा प्रयत्न केला. नाना म्हणाले, "सोड. मागल्या उन्हाळ्यात टँकरचं बोलायला मी उठलो, तर तुमी समद्यांनी गलका करून मला बसवलं. हा मानूस समोरच्या गटाचा, त्यानं आपली वेळ मला दिली हुती. आज मी दिली."

पाच विरुद्ध तीन. मास्तर सभापती झाले.

मास्तर खुर्चीवर बसले. बसायच्या आधी त्यांनी खुर्ची रुमालानं पुसली, एसटीत सीट पुसतात तशी. भाऊंना राहवलं नाही. उभे राहून म्हणाले, "काय आप्पा, शिर्डीची शपथ कुठं राहिली?" सगळे हसणार, एवढ्यात मास्तर म्हणाले, "भाऊ, खाली बसा. आदी आप्पा बोलतील. त्यांना तीन मतं पडल्याती. तीन गनांची मानसं त्यांच्या मागं हायेत." आप्पांना हे अपेक्षित नव्हतं. ते उठले, दोनदा घसा खाकरला आणि म्हणाले, "मास्तर, अभिनंदन. बाकी नंतर." त्यांच्या मोठ्या आवाजातलं एवढं छोटं भाषण आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

इथवर सगळं गोड झालं. खरी गंमत पुढंच आहे.

नव्या सभापतींच्या दुसऱ्या सभेत मी अंगणवाडीचे गळके पत्रे मांडायचं ठरवून गेले. विषयपत्रिकेत माझा विषय नव्हता, पण मला कसली काळजी? खुर्चीत आपले मास्तर. शाळांच्या दुरुस्तीचा विषय चालू असताना मी मध्येच उभी राहिले आणि सुरू झाले. पत्रे, भोकं, भिजलेला खाऊ, पोरांच्या डोक्यावर पडणारं पाणी. आता आप्पाही ऐकत होते, नानाही ऐकत होते.

"ताई," मास्तर म्हणाले, "हा विषय आज न्हाई. बसा."

मी ऐकलं न ऐकलं केलं आणि बोलत राहिले.

"ताई, बसा. आप्पा, तुमचं राहिलं हुतं."

आप्पा! ज्यांनी आयत्या वेळी गट सोडला, त्यांना बोलायला मिळालं, आणि मी, जिनं साहेबांना फोन केला, अर्जावर सही केली, तीही दोनदा, मी खाली बसायचं. मी बसले. उरलेली सभा मी नखं बघत काढली. सभा संपल्यावर जिन्याशी मास्तरांना अडवलं.

"मास्तर, मी तुमची सूचक आहे हे विसरलात का?"

"न्हाई इसरलो. म्हनूनच बसवलं."

"म्हणजे?"

त्यांनी पिशवी जिन्याच्या कठड्यावर ठेवली. "ताई, तुमी साहेबांना काय सांगितलं? का हा मानूस सगळ्यांचं ऐकून घेतो, नेमानं चालतो. आज मी तुमाला मधी घुसू दिलं आस्तं, तर तुमचं सांगनं खोटं पडलं आस्तं. मला काय, मी चार दिसांनी घरी. पन तुमची सही त्या कागदावर ऱ्हानार हाय."

मला तेव्हा हे काही पटलं नाही. मी तडक स्टँडवर आले, एसटीत बसले, आणि घरी येऊन ह्यांना सगळं तावातावानं सांगितलं. ह्यांनी ऐकलं आणि विचारलं, "विषय पत्रिकेवर यायला काय करावं लागतं?"

"सभेच्या आधी दहा दिवस लेखी द्यावं लागतं."

"मग दे की."

एवढं साधं होतं. रागात असल्यावर साधं काही सुचत नाही. मी दुसऱ्या दिवशी फुलस्केप कागदावर अर्ज लिहिला, अंगणवाडीच्या सेविकेची सही घेतली, फोटो जोडले आणि नेऊन दिला. पुढच्या सभेत विषय क्रमांक दोनवर होता. मास्तरांनी नाव पुकारलं, मी बोलले, कुणी मध्ये बोललं नाही. अनुमोदन द्यायला कोण उठावं? आप्पा. म्हणाले, "पोरांचं डोकं भिजतं, ते कोनत्या गटाचं हाय आसं थोडंच?" पुढं आप्पा प्रत्येक सभेला मुद्दे कागदावर लिहून आणायला लागले आणि लेखी आणल्यामुळं कमी बोलायला लागले. आक्कांनी तर मालकांचं मागच्या बाकावर बसणंच बंद केलं. एकदा मालक आले तर आक्कांनी त्यांना चहा आणायला धाडलं.

मास्तरांनी पूर्ण मुदत काढली. नंतर निवडणुका लांबल्या, समितीवर सरकारी प्रशासक बसला, सभा थांबल्या आणि मी पुन्हा पूर्णवेळ मशीनवर आले. आता लोक विचारतात, परत उभ्या राहणार का? खरं सांगायचं तर मन होतं. मधल्या खुर्चीचं नाही. खाली बसून नाव पुकारलं जायची वाट बघायचं.

अंगणवाडीचे पत्रे मास्तरांच्या निवडीनंतरच्या मे महिन्यातच बसले होते. सेविकेनं पोरांसाठी शिरा केला होता. मास्तर एसटीनं आले. त्यांना खुर्ची दिली, तर ती त्यांनी एका म्हातारीला दिली आणि स्वतः माझ्यासारखेच सतरंजीवर पोरांच्या पंगतीत बसले. वाटीभर शिरा झाला, नवे पत्रे खालून एकदा बघून झाले, आणि आम्ही दोघं बाराच्या गाडीनं तालुक्याला निघालो. त्या दिवशी मासिक सभा होती.